भरतीकडे पाठ

लायब्ररीचे सर घरी आले आणि म्हणाले, "आजी, यंदाच्या दिवाळी अंकात तुमच्या धंद्यावर लिहा." मी म्हटलं, "सर, करंजी-चकलीच्या अंकात मासळीचा वास चालेल का?" ते हसून चालेल म्हणाले. आता त्यांनीच कबूल केलंय, तेव्हा पान उलटताना कोणी नाक दाबू नका.

मी चौथी शिकलेली. अक्षर बरं आहे, पण लिहायची सवय नाही, त्यामुळे गाडी कुठंही वळेल. जातीची भोईण. माहेर तापीकाठचंच, वरच्या अंगाला. सासर नदीपलीकडे जैनाबादला. आता मुलासोबत लोधीपुऱ्यात राहते. पुष्कळ वर्षं मासळी बाजारात बसले, आता सून बसते. तिच्या हाताखाली मासा माझ्यापेक्षा लवकर साफ होतो, पण हे तिला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर डोक्यावर बसेल.

बाजारात बसलं की माणूस आतून कळतो. बहादरपूरचे एक केळीवाले भाऊ यायचे. घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. ते आजूबाजूला बघून हळूच म्हणायचे, "बाई, ते द्या." 'ते' म्हणजे सुकट. पिशवीत खाली सुकट, वर केळीचा फणा, असा त्यांचा बेत. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आली. ती पण तशीच इकडेतिकडे बघून म्हणाली, "बाई, ते द्या." पिशवीत केळीचा फणा होताच. मी ओळखलं, या त्यांच्याच मंडळी. दोघांनाही मी वर्षानुवर्षं 'ते' दिलं आणि एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही. दोघं एकाच घरात चोरून काय शिजवत होते आणि एकमेकांना वास कसा येत नव्हता, हे देवालाच माहीत.

असे किस्से सांगत बसले तर अंक भरेल. पण मला सांगायचंय ते वेगळं. मी बोलता बोलता भरती, ओहोटी, उधाण असं काही बोलून जाते, आणि लोक म्हणतात, आजी, बुऱ्हाणपुरात समुद्र कुठून आणला? समुद्र आणला नाही. आम्हीच तापीचं बोट धरून त्याच्याकडे गेलो होतो.

आधी आमचं घरचं काम सांगते. तापी पावसाळ्यात कोणाच्या बापाची नसते. पण होळी झाली की ती आटत जाते आणि मधून मधून डोह तेवढे उरतात. त्या डोहांत जाळी टाकायची, कडेच्या वाळूत शिंपले वेचायचे. शिंपल्यांतलं मांस खायला आणि शिंपले भट्टीत भाजून चुन्याला. पाण्यात आम्ही बायका-माणसं सारखीच उतरायचो, आणि प्रत्येकाजवळ तुंबे असायचे. तुंबा म्हणजे वेलावरच जून होऊ दिलेला भोपळा. तो वळचणीला टांगून वाळवला की आतलं सगळं सुकतं, बिया खुळखुळतात आणि साल लाकडासारखी होते. दोन तुंबे दोरीनं जोडले की झाली सांगड. तिच्यावर मासळीची टोपली ठेवून ओढत न्यायची. दमलं की आपणच तिच्यावर छाती टेकायची. मी चालायला आणि पोहायला बरोबरच शिकले, असं माझी आई सांगायची.

आणखी एक रीत होती. सातपुड्यात कुठंतरी पाणी पडलं की इकडं कोरड्या उन्हात तापीला अचानक लोंढा यायचा. म्हणून आम्ही पात्रात उतरलो की एक जण वरच्या अंगाला, जिकडून नदी येते तिकडे तोंड करून बसायचा. हातात पितळी थाळी. पाण्यावर फेस दिसला, काडीकचरा वाहत आला, की तो थाळी बडवायचा. थाळी वाजली की हातातलं टाकायचं आणि काठावर पळायचं, विचारत बसायचं नाही. आमच्या घरात ही थाळी आबांकडे असायची. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांची नजर मोठी पक्की आणि जीभ त्याहून पक्की.

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि ते दिवस संस्थानं विलीन होण्याचे होते. पेपर वाचणारे चावडीवर सांगायचे, आज या राजानं सही केली, आज त्या नबाबानं केली. आमचा मुलूख आधीच इंग्रजांचा, त्यामुळे आम्हाला त्यातलं फार काही कळत नव्हतं. आम्हाला कळत होतं एवढंच की त्या वर्षी नदीत मासळी नाही. जाळं वर यायचं ते शेवाळ घेऊन. जैनाबादचे दोन-तीन भोई गिरणीत लागले. आमचे हे पण म्हणायला लागले, "आबा, मी पण जाऊन बघतो. भोंगा झाला की जायचं, भोंगा झाला की यायचं. डोक्याला ताप नाही."

मला ते बोलणं सोसायचं नाही. गिरणीत यांना काम मिळालं असतं, मला काय? मी चुलीजवळ बसून यांच्या डब्याची वाट बघितली असती. मला पाणी पाहिजे होतं. सासरी येऊन एकच सुख होतं, की इथंही सकाळी पाण्यात उतरता येतं. पण नव्या सुनेला कोण विचारतो.

आबांना भुसावळच्या एका मासळीवाल्यानं सांगितलं होतं की तापी जिथं समुद्राला मिळते तिथलं छोटं संस्थान गेलं, मुंबई इलाख्यात विलीन झालं. आधी त्या किनाऱ्यावर कोणत्या वस्तीनं कुठं उतरायचं हे दरबार ठरवायचा. आता दरबारच नाही. आबा म्हणाले, "देश एक झाला. तापी तर आधीपासून एकच आहे. तिच्या तोंडाशी आपला हक्क नाही का? हा एक उन्हाळा तिकडं बघू. जमलं तर दरवर्षी जाऊ. नाही जमलं तर जाळी विकायची आणि दोघं बापलेक गिरणीत."

म्हणजे सगळं त्या एका उन्हाळ्यावर आलं. होळीची राख गार झाली आणि आम्ही तिघं जाळी, थाळी आणि तुंब्यांच्या तीन जोड्या घेऊन निघालो. भुसावळला गाडी बदलली. पुढं सुरतेपर्यंत रूळ तापीच्या मुलुखातूनच जातात. मधे मधे ती दिसली की आबा खिडकीतून म्हणायचे, "बघ, आपलीच हाय." दरवेळी ती जास्त रुंद झालेली असायची. शेवटी बैलगाडीनं वस्तीवर पोहोचलो तर समोरचा काठच दिसेना. माझ्या माहेरी जिच्यातून आम्ही लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पलीकडे जायचो, ती ही. मला तिच्याशी बोलायची लाज वाटली.

तिथल्या तलाठ्याकडे गेलो. तो बिचारा नवा. म्हणाला, "मला वरून अजून काही आलं नाही. वस्तीवाल्यांना विचारा." वस्ती कोळ्या-माछ्यांची. तिथं विचारायचं म्हणजे जमनाबांना विचारायचं. बा म्हणजे तिकडं आई. वयानं माझ्या आजीएवढ्या, काटक, कपाळावर गोंदण. चिखलातून शिंपले-कालवं वेचणाऱ्या सगळ्या बायका त्यांच्या शब्दात. त्या गुजराती बोलायच्या, आम्ही आमचं खानदेशी. पण आमच्या बोलीला त्यांच्या बोलीचं वारं लागलेलं आहेच, त्यामुळे दोन दिवसांत एकमेकींचं सगळं कळायला लागलं. इथं मी त्यांचं बोलणं आपल्याच भाषेत लिहिते.

जमनाबांनी आमच्या सामानाकडे बघितलं आणि विचारलं, "हे भोपळे कशाला? भाजी करणार?" सगळ्या बायका हसल्या. मग त्यांनी आबांना विचारलं, "पाण्याची ओळख आहे का?"

आबांना ते झोंबलं. म्हणाले, "बाई, आम्ही पाण्यातच जन्मलो."

"गोड्या पाण्यात," जमनाबा म्हणाल्या. "हे पाणी जातं आणि परत येतं. रोज थोडं उशिरा येतं. अमावस्या-पुनवेला उधाण असतं, तेव्हा घाईत येतं. येत्या अमावस्येपर्यंत करून बघा. मग वस्ती ठरवेल."

"हाव, हाव," आबा म्हणाले. हाव म्हणजे हो, पण त्यांचं हाव दोनदा आलं की समजायचं, ऐकलेलं नाही.

त्या कामाचं थोडं सांगते, कारण आपल्याकडे कोणाला माहीत नसतं. पाणी ओसरलं की मैलभर चिखल उघडा पडतो. काळा, गार, लोण्यासारखा. उन्हात त्याच्यावर चकाकी येते आणि पाय घातला की खालचं पाणी कोमट लागतं. चिखलावर जवळजवळ दोन बारीक भोकं दिसली की खाली शिंपला आहे. तिथं टाच दाबायची. टाचेला कडक लागलं की हात घालायचा. एकेक भोक असेल तर ते दुसऱ्या कोणाचं घर, तिथं बोट घातलं तर खेकडा बोट धरतो. मी पहिल्याच दिवशी धरून घेतलं. जमनाबा म्हणाल्या, "आता तो तुला ओळखतो." कालवं दगडाला चिकटलेली असतात, ती कोयत्याच्या टोकानं फोडायची. आणि निवट्या नावाचा एक मासा तर चिखलावर चक्क उड्या मारत चालतो. डोळे डोक्यावर. आमचे हे त्याच्यामागं धावायचे आणि तोंडावर पडायचे. गिरणीचं नाव त्यांनी पहिल्या आठवड्यातच काढायचं बंद केलं. आबा मात्र रोज सांजेला म्हणायचे, "अजून ठरलं नाही. अमावस्या होऊ दे."

वस्तीनं आम्हाला जो चिखल दाखवला तो एका चराच्या पलीकडे होता. चर म्हणजे पाण्यानं कोरलेली लांब घळ. ओहोटीत कोरडी, पोटरीभर चिखल ओलांडला की झालं. त्या घळीच्या पलीकडे गेलं की शिंपले भरपूर, कारण तिकडे फार कोणी जात नसे. का जात नसे, हे आम्ही विचारलं नाही.

अमावस्येच्या दिवशी सकाळी पाणी नेहमीपेक्षा लांब गेलं. आबा खूश. म्हणाले, "आज दोन टोपल्या भरू आणि वस्तीला दाखवू." जाळं, टोपल्या आणि तुंबे घेऊन आम्ही चर ओलांडून पार टोकापर्यंत गेलो. आणि तिथं आम्ही ती चूक केली, जी फक्त नदीची माणसं करतात. आबा टोपली पालथी घालून बसले, हातात थाळी घेतली आणि तोंड केलं उगवतीकडे, वरच्या अंगाला, जिकडून तापी येते तिकडे. बापजाद्यापासूनची रीत. धोका येतो तो वरून येतो. आम्ही दोघं पण त्यांच्याकडे तोंड करून वेचायला बसलो, म्हणजे थाळी उचललेली दिसावी. तिघांचीही पाठ समुद्राकडे.

शिंपले इतके लागत होते की मी मान वर केली नाही. मग मागून एक आवाज यायला लागला. बारीक, सारखा, कोणी सुपात डाळ पाखडतंय असा. मला वाटलं वारा आहे. मग लांबून हाक आली. बघते तर चराच्या बाजूनं जमनाबा येत होत्या. लुगडं कमरेला खोचलेलं, हात हलवत, चिखलात पडत, उठत. त्यांच्या बायका कधीच्या काठाला गेल्या होत्या. आम्ही दिसलो नाही म्हणून त्यांनी वळून बघितलं, तर आम्ही तिघं पलीकडे पाठ करून निवांत बसलेले. त्या एकट्याच धावत निघाल्या.

"मागं बघा, मूर्खांनो," असं त्या ओरडत होत्या. हे पुढं त्यांनीच मला सांगितलं, तेव्हा नुसता आवाज ऐकू येत होता.

मी मागं बघितलं. समुद्र जिथं होता तिथं नव्हता. पांढरी रेघ घेऊन तो सपाट चिखलावरून आमच्याकडे सरकत होता, माणूस भरभर चालतो तेवढ्या वेगानं. आणि आबा अजून उगवतीकडे बघत होते. त्यांच्यापुढचं पाणी शांत होतं, त्यामुळे थाळी मांडीवर.

सासऱ्यांपुढे मी तोवर मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी सगळा चिखल दणाणला. "आबा, थाळी ठेवा आणि मागं बघा."

ते वळले. असं तोंड मी त्यांचं आधी पाहिलं नव्हतं. भ्याले नव्हते ते. आपल्याच माणसानं पाठीत मारावं आणि आपल्याला ते पटू नये, तसे बघत होते. तापी उलटी येत होती.

आम्ही चराकडे पळालो. जमनाबा तोवर आमच्या बाजूला येऊन पोहोचल्या होत्या, आणि त्यांच्यामागं चर भरला होता. सकाळी पोटरीभर होता तो आता गढूळ पाण्यानं दुथडी वाहत होता, आणि वाहत होता उलटा, समुद्राकडून आत. पलीकडे वस्तीच्या जाळ्याचे खुंट दिसत होते. तिथं पोहोचलं की झालं. आमचे हे म्हणाले, "पोहून जाऊ, त्यात काय."

जमनाबा खाली बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही जा. मला पोहता येत नाही."

मला खरंच वाटेना. जन्म समुद्रावर गेलेली बाई. त्या म्हणाल्या, "आम्ही पाण्यात कधी उतरतो? पाणी गेलं की आम्ही जातो, पाणी आलं की आम्ही येतो. आमच्यातल्या एकाही बाईला येत नाही."

मी टोपली पालथी केली. सकाळपासूनचे शिंपले चिखलात. सांगड सोडली आणि तुंबे त्यांच्या काखेखाली बांधायला लागले. त्या माझे हात धरत होत्या, म्हणत होत्या, "नको दीकरी, नको लेकी, मला पाण्यात नको नेऊ." मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही, दिवाळी आहे. पण त्यांनी हात सोडले.

तेवढ्यात आबा सवयीनं उगवतीच्या टोकाकडे निघाले. नदीत उतरायचं तर वरच्या अंगाला उतरायचं, पाणी आपोआप खाली नेतं, हे आमच्या हाडात आहे. जमनाबांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "तिकडून नाही. तिकडून उतरलात तर पाणी खुंटांच्या पुढं घेऊन जाईल, पुढं धरायला काही नाही. समुद्राच्या बाजूनं उतरा." बाई पाण्याला घाबरून थरथरत होती, पण पाणी कुठं जाणार हे तिला आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. आबांनी एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि गपचूप मागं फिरले. त्यांना कोणाचं ऐकताना मी पहिल्यांदा पाहिलं.

उतरलो. पाणी खारट, डोळ्यांत झोंबणारं, आणि ओढ अशी की पाय खाली लागू देईना. मी सांगडीची दोरी दातात धरली आणि एका हातानं जमनाबांची पाठ. त्या डोळे मिटून सांगत होत्या, "आता सोड, नेऊ दे. आता डावीकडे जोर लाव. आता." मी पाय मारत होते. त्यांना पोहता येत नव्हतं, मला ते पाणी येत नव्हतं, दोघी मिळून एक माणूस झालो होतो. खुंट आला तेव्हा मी त्याला अशी मिठी मारली की छातीवर कालवांचे ओरखडे पुष्कळ दिवस राहिले. मागून हे आले, मग आबा. आबांच्या डोक्यावर थाळी होती. जाळं गेलं, टोपल्या गेल्या, पण थाळी आणली.

सांजेला सगळी वस्ती जमली. जमनाबांचा मोठा मुलगा भडकलेला होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. म्हणाला, "यांच्यापायी आमची बा गेली असती. यांना पाणी कळत नाही. उद्या गाडी बोलावतो, यांना स्टेशनवर सोडा."

आबा उभे राहिले. मला वाटलं आता भांडतील. पण ते हात जोडून म्हणाले, "भाऊ, पाणी ओळखतो म्हणालो, ते खोटं निघालं. उद्या जातो आम्ही." आणि खाली बसताना यांच्याकडे बघून हळू म्हणाले, "गिरणी."

मला रडू आलं. पदर तोंडात घातला तरी आवाज फुटला. जीव वाचला होता आणि मी गिरणीच्या नावानं रडत होते, लोक काय म्हणाले असतील.

जमनाबा कोपऱ्यात बसून पायाचा चिखल खरवडत होत्या. त्या न बघताच म्हणाल्या, "म्हाताऱ्याला जायचं तर जाऊ दे. ही पोरगी मला पोहायला शिकवल्याशिवाय जायची नाही."

मुलगा म्हणाला, "बा, या वयात?"

"या वयातच बुडत होते ना," जमनाबा म्हणाल्या. "आणि हिला पाणी कळत नाही म्हणून हाकलायचं, तर ते कळणार कसं? मी शिकवते हिला. ही शिकवेल मला."

 मुलगा उठून गेला आणि येताना वस्तीतलं एक जुनं जाळं घेऊन आला. ते आबांच्या पुढं टाकलं आणि म्हणाला, "फाटलंय. विणून घ्या." आबांनी तिथंच दिव्याच्या उजेडात सुई मागितली. तरी झोपताना यांना म्हणाले, "पोहणं शिकवायला राहिलोय, राहायला नाही. पुढच्या वर्षाचं अजून कोणी बोललं नाही."

दुसऱ्या दिवसापासून आमचा दिवस असा झाला. ओहोटीत जमनाबा मला चिखल शिकवायच्या. कोणत्या रंगाचा चिखल पाय धरतो, पाणी परतताना बगळे आधी कुठून उडतात, चंद्र बघून उद्याचं पाणी कधी. भरतीत मी त्यांना चराच्या उथळ कडेला तुंबे बांधून पोहायला शिकवायचे. पहिल्या दिवशी त्या माझ्या केसांना लोंबकळल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्या सुना आल्या, लाजत, एकमेकींना ढकलत. मग वस्तीतल्या बाकीच्या. ज्या बायका भोपळ्याची भाजी म्हणून हसल्या होत्या त्या आता माझ्या तुंब्यांसाठी भांडायला लागल्या. तीनच जोड्या, आणि बायका एवढ्या. मी नंबर लावले. इतका मान मला पुढं बाजारातही मिळाला नाही.

आबांनीही नवी जागा घेतली. तीच पालथी टोपली, तीच थाळी, तोंड मावळतीला. मधूनच मात्र ते मान वळवून उगवतीकडे बघून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "आबा, तिकडून काही येणार नाही." ते म्हणाले, "तू तुझं काम कर. दोन्हीकडे बघायला काय जातं?"

वैशाख संपत आला. आकाशात ढग दिसायला लागले की तिथं काम बंद होतं, आम्हाला निघायचं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी चांगली भरती होती. जमनाबा काठावर आल्या आणि म्हणाल्या, "आज पलीकडे जायचं." सगळी वस्ती बघायला जमली. त्यांचा मुलगा कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला, न जाणो. मी तुंबे बांधले, त्यांचा हात धरला आणि दोघी उतरलो, समुद्राच्या बाजूनंच. मधोमध आलो. पाण्याची ओढ चांगलीच होती. जमनाबा म्हणाल्या, "हात सोड."

मी म्हटलं, "बा, अजून थोडं."

"सोड म्हणते ना."

मी सोडला. त्या एकदा खाली गेल्या, वर आल्या, तोंडातलं पाणी थुंकलं आणि हात मारायला लागल्या. वेडेवाकडे, पण मारत राहिल्या. पाण्यानं त्यांना नेलं, पण जिथं त्यांनी ठरवलं होतं तिथंच नेलं. पलीकडच्या चिखलावर त्या चढल्या आणि उभ्या राहून दोन्ही हात वर केले. मी पाण्यात होते म्हणून बरं, डोळ्यांचं कोणाला कळलं नाही.

आणि तेवढ्यात थाळी वाजली. आबा उभे राहून दणादण बडवत होते. आयुष्यात त्यांनी ती फक्त पळा म्हणून सांगायला वाजवली होती. वस्तीला काय माहीत, त्यांना वाटलं वाजंत्री, ते टाळ्या वाजवायला लागले. पण आमचे हे, हातातली गाठोडी टाकून, मागंपुढं न बघता वरच्या काठाकडे धूम पळाले. सगळी वस्ती पोट धरून हसली. जमनाबा पलीकडून विचारत होत्या, "याला काय झालं?" सांगायला मला श्वास नव्हता.

जाताना त्यांच्या मुलानं आमचं सामान गाडीत चढवलं. आबांना म्हणाला, "काका, येताना भोपळे जास्त आणा." एवढंच. आबांनी मान हलवली. परतीच्या गाडीत नदी दिसली तरी ते 'आपलीच हाय' म्हणाले नाहीत. जाळी विकायचं बोलले नाहीत आणि परत जायचंही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, विचारून नको ते उत्तर आलं असतं तर. पावसाळ्यात मात्र त्यांनी अंगणाच्या कुंपणाला सगळीकडे भोपळ्याचे वेल चढवले, आणि त्यातला एकही भोपळा कोवळा तोडू दिला नाही. मी भाजीला मागितला तरी नाही.

होळी झाली. राख गार व्हायची होती, तर आबा भल्या सकाळी अंघोळ करून तयार. बुऱ्हाणपूर स्टेशनवर आमच्याबरोबर एक मोठं पोतं होतं, हलवलं की खुळखुळ वाजणारं. तिकीट तपासणाऱ्या बाबूला संशय आला. त्यानं पोत्याचं तोंड उघडून बघितलं आणि विचारलं, "काका, इतने भोपळे लेकर कहाँ चले? शादी है क्या?"

आबांनी पोतं खांद्यावर घेतलं, थाळी काखेत मारली आणि म्हणाले, "कामावर."